बनाबाईचं वाडं

आमचा ऊस तुटला की खालच्या पट्टीतलं वाडं, म्हंजे हिरवे शेंडे, बनाबाईचं, ही सासूबाईंच्या काळापासनंची रीत. वर्षभर ती आमच्यात तण भांगलायला येती आणि ते वाडं तिच्या म्हशीला जातं. उन्हानं वाळू नयेत म्हणून ती पेंढ्या बांधून पाचटाखाली, उसाच्या वाळल्या पाल्याखाली, झाकती, लागंल तशा न्हेती. औंदा म्हस गाभण, आज-उद्या व्यायची. वैरण कुठंच मिळना. सगळी भिस्त त्या पेंढ्यांवर.

पाचट पेटवायचं दिवस आता गेलं. इस्लामपूरच्या अंगाला त्याचं इथेनॉल करत्यात, गाडीत घालायचं. लय फोन केले तवा कुठं आज गठ्ठे बांधायचं मशीन आलं.

अर्ध्या रानात ड्रायव्हर थांबला. "काकी, हितं खाली हिरवं दिसतंय. काय करू?"

मला ठावं हुतं काय हाय ते. पण डोकंच फिरलं माझं. ऊन रणरणतंय, ह्याला फुडच्या रानात जायची घाई, आणि मी पेंढ्या उपसत बसू व्हय? "फिरव रं! कुणाचं काय न्हाई तिथं," म्हणून मी हात केला. हिरवं-वाळलं एक झालं आणि ट्रॉली भरून गेली.

दुपारी बनाबाई आली. मोकळ्या रानाकडं बघत उभी राहिली.

"त्या ड्रायव्हरला काय म्हाईत बिचाऱ्याला," ती म्हणाली. "तुमी हितं असता तर थांबवलंच असतं की, वैनी."

नुसती मान हलवली असती तरी सुटले असते. पण शरमेनं मेले मी. "बनाबाई, मी हितंच हुते. मीच त्याला फिरव म्हणले. चुकलं माझं. वरच्या पट्टीतला ऊस उभा हाय, त्यातलं तोडून न्या."

"नगं. आमच्या शेजारचा नाथाजी कवाचा म्हस इकत मागतोय. त्याच्या दारात वैरण तरी हाय. शब्द दिलाय मी, सांजच्याला न्हेईल तो." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आन् तुमी हुता, ते ठावं हाय मला. मी बांधावरनं हाका मारत हुते. मशीनच्या आवाजात तुमास्नी ऐकू आलं न्हाई."

"मग ड्रायव्हरचं नाव कशाला घेतलंसा?"

"तुमाला खोटं बोलाय लागू नये म्हणून. उद्या परत तुमच्यातच भांगलायला यायचं हाय मला."