पिवळ्या मातीचा पत्ता

नाक मुरडू नका! वास येतो हे कबूल, पण माझंही थोडं ऐका. मी बोलतोय, येसेनियाच्या पायांतला बुटांचा जोड. पुढे लोखंडी टोपी असलेला, लिफ्ट दुरुस्त करणारे घालतात तसला.

जन्मलो कारखान्यात, पण नशीब उघडलं मेदेयीन शहराच्या वर, डोंगरावरच्या गरीब वस्तीत. लिफ्टच्या एका कंपनीने तिथल्या संस्थेशी हात मिळवला होता. संस्थेने पोरं गोळा करायची, कंपनीने त्यांना काम शिकवायचं, बूट द्यायचे, आणि टिकतील त्यांना नोकरी. येसेनियाने दोन-दोन मोजे चढवले तरी मी तिला ढिलाच! पण पोरगी टिकली. आता फक्त कंपनीची घरभेट उरली होती. नोकरीआधी घर बघायला माणूस येतोच.

इथेच तिने घोळ घातला. वरच्या वस्तीचं नाव ऐकलं की मालक लोक फोन ठेवतात, हे तिच्या भावाने भोगलं होतं. म्हणून वस्तीतले सगळे करतात तेच तिने केलं. पत्ता दिला खाली शहरात राहणाऱ्या रुबिएला आत्याचा.

भेटीच्या दिवशी ती डोंगर उतरून धावतच आली. आत्या दारात खेकसली, "बूट बाहेर काढ आधी! फरशी पुसलीय. आणि विचारलं तर मधली खोली तुझी, कळलं?"

मी दाराशीच राहिलो, तळव्यांना वरची पिवळी माती घेऊन.

कंपनीच्या क्लेमेन्सिया मॅडम आल्या. मला ओलांडताना जरा थबकल्या.

"पाणी देतेस, बाळा?"

येसेनियाने पेल्यासाठी कपाट उघडलं, तर आत झाडू. दुसरं उघडलं, तर इस्त्री.

"वेंधळी आहे हो जरा," आत्या उगाच हसली.

"आणि बुटांना माती कुठली?" मॅडमनी विचारलं.

"बागेतली," आत्या म्हणाली.

"चौथ्या मजल्यावर बाग?"

येसेनियाने कपाटाचं दार लावलं.

"वरची आहे, मॅडम. मी इथे राहत नाही. वर राहते, आईजवळ. नोकरी जाईल म्हणून खोटं बोलले."

आत्याने कपाळावर हात मारला. "झालं! फिरवलंस सगळ्यावर पाणी!"

"अगं वेडे," मॅडम म्हणाल्या, "या जागा वरच्याच पोरांच्या आहेत. संस्थेने आमच्याकडून तसा शब्द घेतलाय. खालचा पत्ता बघून मी तुझं नाव कापायला आले होते."

येसेनियाने विचारलं, "मग, गेली नोकरी?"

"ते वर गेल्यावर सांगते. घाल बूट."

पायऱ्या चढताना तिचे पाय घामाने निथळत होते. मला ते सगळं कळत होतं आणि करता काहीच येत नव्हतं. वर आईला कशाचाच पत्ता नाही. तिने गुळाचं कढत पाणी दिलं, गरम अरेपा, म्हणजे मक्याची जाड भाकरी, पुढे केला. मॅडमनी दोन्ही संपवलं, उठल्या आणि आपल्या चिखलाने माखलेल्या चपलांकडे बघितलं.

"सोमवारी कामावर ये. आणि पुन्हा राहतं घर लपवलंस ना, तर कान धरीन!"

पोरगी रडली. खरं सांगतो, मलाही भरून आलं.

आता माझ्या टाचा झिजल्यात. येसेनियाला नवा जोड मिळाला आणि मी संस्थेच्या फळीवर आलो. आज एका नव्या मुलीने मला उचललं. खिळा घेऊन तळव्यातली माती उकरतेय आणि मैत्रिणीला विचारतेय, "तुझी मावशी खाली राहते ना गं? तिचा पत्ता देशील?"

पोरी, थांब. तो खिळा खाली ठेव.