डॉक्टरांचा डबा मी गरम करतो

मित्रांनो, मी दातांच्या दवाखान्यातला एक जुना ऑटोक्लेव्ह आहे. कुकरचाच भाऊ म्हणा, फक्त थोडा शिकलेला. एका तोंडातून निघालेली हत्यारं दुसऱ्या तोंडात जाण्याआधी दाबाखालच्या वाफेत जंतुमुक्त करायची, हे माझं काम. त्याशिवाय दवाखाना चालवता येत नाही, असा सरकारी नियमच आहे. त्या नियमापायीच मला विकत घेतलं.

थोरल्या डॉक्टरीणबाई होत्या तोवर मला उसंत नव्हती. त्या गेल्या आणि त्यांचा पुतण्या डॉक्टर होऊन आला. वाफेसाठी थांबायचा त्याला भारी कंटाळा. तो हत्यारं नळाखाली धरतो, पुसतो, आणि माझ्यात स्वतःचा डबा गरम करतो. माझ्या अंगाला आता कोबीचा वास येतो. किळस यायला नाक लागत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मध्यंतरी त्याने एका आजींची दाढ काढली. त्यांचा जबडा असा सुजला की डोळा मिटला. इस्पितळात त्यांना घोटभर पाणी गिळवेना. हा दवाखाना बंद झाला पाहिजे, म्हणून त्यांच्या सुनेने सरकारदरबारी तक्रार केली.

तपासणीला साहेब आले. सूनही आली, तिला बाहेर बसवलं. साहेबांनी माझ्यावर हात ठेवला. मी गरम होतो. झाकण उघडलं, तर आत डबा. साहेबांनी डब्याकडे पाहिलं, पुतण्याने साहेबांकडे, आणि झाकण हलकेच बंद झालं. ‘यंत्र चालू स्थितीत’ असा शेरा पडला.

मग, आलोच आहे तर माझीही एक दाढ बघा, म्हणत साहेब खुर्चीत टेकले. पुतण्याने हत्यारांच्या ट्रेकडे हात नेला, तसे ते हळूच म्हणाले, "ती नकोत. माझ्यासाठी नव्या हत्यारांचं पाकीट फोडा."

सून दारात येऊन उभी होती. "साहेब, आमच्या सासूबाईंसाठी कुठलं पाकीट फोडलं होतं, तेवढं विचारा की."

साहेबांच्या तोंडात कापूस गेला होता. तो बराच वेळ तिथेच राहिला.

तिने बाहेर बसलेल्यांना सगळं सांगितलं. माणसं मोबाइलमध्ये बघत राहिली. गाल धरून बसलेले एक काका उठले. "ताई, जरा सरका. माझा नंबर आहे."

काका आत आले. ट्रे तोच होता.

मित्रांनो, माझी निगा राखा, असं मी म्हणणार नाही. तपासणीच्या दिवशी मला आरशासारखं पुसतात. एवढंच मागतो, की खुर्चीत टेकण्याआधी हत्यारं कशातून काढली ते विचारा. मला तोंड नाही. तुम्हाला आहे, पण ते तुम्ही नुसतं दाढ दाखवायला उघडता.