अळणी श्रावण

माझ्या नवऱ्याला गुण औषधानं आला की देवानं, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. एका पक्षात मी एकटी. दुसऱ्यात सासूबाई अक्कम्मा आणि गाभाऱ्यातले सिद्धेश्वर. म्हणजे मी अल्पमतातच की.

आमचं सोलापुरात शेंगा चटणीचं दुकान. सोमशेखर, म्हणजे आमचे हे, एकदा भरात आले की आठवडा आठवडा झोपायचे नाहीत. एका यात्रेत हेलिकॉप्टरमधून चटणीच्या पुड्या टाकायच्या म्हणून पुण्याला फोन लावत बसले होते. भर ओसरला की भिंतीकडं तोंड. आंघोळ नाही, बोलणं नाही. एकदा पोलिसांनी तळ्याच्या काठावरून घरी आणून सोडलं, चपला तिथंच राहिल्या. तेव्हा मी कुणाचं ऐकलं नाही, सरळ डॉक्टर उर्वींकडं नेलं. त्यांनी बायपोलर आजार सांगितला आणि लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या. दीड वर्ष झालं, माणूस दुकान उघडतो, बंद करतो, घरी येऊन जेवतो. मला याच्यापेक्षा जास्त काही नको होतं.

पण अत्तींनी (सासूला आम्ही अत्तीच म्हणतो) परस्पर नवस बोलून ठेवला होता. लेक बरा झाला तर तो अख्खा श्रावण अळणी जेवेल. आणि हे पण "अव्वा म्हणते तर" म्हणून तयार! (आईला हे अव्वा म्हणतात.) चटणीवाल्याच्या घरात बिनमिठाची आमटी. माझा नुसता जळफळाट झाला. गोळी चुकवायची नाही, एवढी अट मात्र मी घालून ठेवली.

दुसऱ्या आठवड्यात यांचे हात थरथरायला लागले. पुडी बांधताना चटणी सांडायची. अत्ती म्हणाल्या, "देव परीक्षा बघतोय." मग उलट्या. मग एका सकाळी दुकानाच्या पायरीवर दारुड्यागत झोकांड्या खाल्ल्या आणि मलाच विचारलं, तुम्ही कोण? मी रिक्षा बोलावली.

डॉक्टर उर्वींनी रक्त तपासलं. लिथियम भलतंच वाढलेलं.

"खाण्यात काही बदल केलाय?"

मी अत्तींकडं बघितलं. अत्तींनी पंख्याकडं बघितलं.

"अहो, लिथियम मिठाच्याच जातीतलं," सगळं ऐकून डॉक्टर म्हणाल्या. "मीठ बंद केलं की शरीर लिथियमलाच धरून बसतं. त्याचं विष होतं. जिवावर बेतलं असतं."

दंडाला सलाईन लावलं. बाटलीत काय आहे, अत्तींनी विचारलं. मिठाचं पाणी, नर्स म्हणाली. अत्ती विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "नवस तोंडाचा हाय. दंडाचा न्हाय." मला हसावं का ओरडावं कळेना.

हे शुद्धीवर आले तसं अत्तींनी डॉक्टरांना गाठलं. "असली गोळी काढली तरी कुणी?"

"ऑस्ट्रेलियातल्या एका डॉक्टरनं, पाऊणशे वर्षांपूर्वी. आधी उंदरासारख्या प्राण्यांना दिलं. ते शांत पडून राहिले."

"आन् मग माणसास्नी?"

"आधी त्यानं स्वतः घेतलं म्हणतात. आपल्याला काही होत नाही बघितलं, मग पेशंटना दिलं."

"सोता घेतलं?"

"हो."

अत्ती दिवसभर गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन उलटसुलट करत बसल्या. दीड वर्षात त्या पाकिटाला त्यांनी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

घरी आणलं तेव्हा श्रावण संपायचा होता. गोळी परत सुरू, मीठ नेहमीसारखं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी ताटं मांडली. भांडायची पूर्ण तयारी होती माझी. तेवढ्यात अत्ती उठल्या, मिठाची बरणी आणली आणि यांच्या ताटात डाव्या बाजूला मीठ वाढलं.

"अव्वा, नवस!" हे घाबरले. "मोडला तर आजार परत येईल."

"नवस बोलले मी आन् खायला बसवलं तुला," अत्ती म्हणाल्या. "आधी सोता घ्यावं, हे त्या परक्या मुलखातल्या माणसाला कळलं, मला आईला न्हाय कळलं. तू खा. ह्यो श्रावण मी फेडते. देवाला आनिक काय पायजे असलं तर माज्याकडं मागू दे."

त्यांच्या वाटीत मी अळणी आमटी वाढली. त्यांनी घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि लेकाकडं वळल्या.

"बघतोस काय? जेव. मग गोळी घे."

गोळी घे. दीड वर्षात त्यांच्या तोंडून पहिल्यांदा. मी आत जाऊन पोटभर रडले.