शाळेतून बोलतेय

दोन हजार सोळा साल होतं. दोघी बहिणींतली थोरली केसांच्या टोपाच्या जाळीत एकेक केस गुंफत बसली होती आणि शाळेच्या बाई डोक्याला घट्ट रुमाल बांधून तिच्यासमोर उभ्या होत्या.

"तुम्ही कोणाला सांगितलंत?"

"देवाशपथ, कोणालाही नाही." सुई जाळीतच राहिली.

आजारपणात केस गेलेल्या बायकांसाठी त्या दोघी बहिणी टोप बनवत. दुकानाचं दार मागच्या बोळात होतं, दारावर पाटी नव्हती. माप घेताना खिडकीला दुहेरी पडदा असे. गिऱ्हाईक रस्त्यात भेटलं तर दोघी ओळखही दाखवत नसत. त्याच वर्षी लांबच्या बायकांची सोय म्हणून भाचीच्या नवऱ्याने त्यांना वेबसाइट करून दिली होती. नाव, फोन नंबर, दुखणं, डोक्याचं माप आणि उघड्या डोक्याचा फोटो तिच्यावर पाठवला की काम सुरू व्हायचं.

बाईंनी हे सगळं मधल्या सुट्टीत शाळेच्या वायफायवरून पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोटो शिक्षकांच्या फोनवर फिरत होता.

"आईला कळू दिलं नव्हतं मी," बाई म्हणाल्या. "माझी बहीण याच दुखण्याने गेली. काल शेजारीण येऊन आईचं सांत्वन करून गेली."

धाकटीने भाचीच्या नवऱ्याला बोलावून घेतलं. त्याने लॅपटॉप उघडला, थोडा वेळ पाहिलं आणि मान खाली घातली.

"साइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसत नाही ना, मावशी, म्हणजे पाठवलेलं सगळं उघडं जातं. त्याच वायफायवर कोणी जाणता बसला असेल तर त्याला वाचता येतं. खिडकी सताड उघडी टाकून माप घ्यावं, तसंच हे."

"मग कुलूप का नाही लावलंत, जावईबापू?" धाकटी म्हणाली. "म्हाताऱ्यांना काय कळतंय, असंच ना?"

"तुम्ही साइटवर पैसे घेत नाही. मला वाटलं, चोरण्यासारखं त्यात आहेच काय."

बाईंनी रुमालाची गाठ चाचपली. त्याने ते पाहिलं आणि साइट बंद करून टाकली.

पण आणखी दहा-बारा जणींनी माहिती पाठवली होती. कोणी ऑफिसातून, कोणी हॉस्टेलवरून. त्यांच्यावर अशी वेळ यायच्या आत त्यांना सावध करायला हवं होतं. थोरलीने पहिला नंबर फिरवला. फोन एका पुरुषाने उचलला.

"कोण पाहिजे? कुठून बोलताय?"

"राँग नंबर," थोरली कशीबशी म्हणाली. तिने फोन ठेवून दिला. सावध करायला जावं तर आपल्याच तोंडून सगळं फुटायचं.

"बंद करू या, ताई," धाकटी म्हणाली. "साइट नाही, दुकानच."

"आणि ह्या बायकांना वाऱ्यावर सोडायचं?"

धाकटीने पदराने डोळे टिपले.

बाईंनी खुर्ची ओढली. आपला मोबाईल कानाला नीट लागेना, म्हणून डोक्याचा रुमाल सोडून टेबलावर ठेवला. भाचीचा नवरा खिडकीकडे पाहू लागला.

"तोच नंबर सांगा," बाई म्हणाल्या. मग वर्गातला खणखणीत आवाज काढून बोलल्या, "नमस्कार, शाळेतून बोलतेय. जुन्या विद्यार्थिनींचा मेळावा आहे. ताईंना देता का जरा?"

पलीकडे पावलं वाजली. बायकी आवाज आला. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मी टोपाच्या दुकानातून बोलतेय. तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणा. शेजारी कोणी आहे?"

संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळ्यांना गाठलं. एक जण सगळं ऐकून घेऊन घरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हो, मेळाव्याला नक्की येईन." बाईंनी फोन ठेवला आणि कपाळ तळहातावर टेकवलं.

साइट पुन्हा सुरू झाली ती कुलूप लावूनच. भाचीचा नवरा पुढे फुलवाल्याची साइट करायला घेतली तरी आधी कुलूप लावत असे, आणि लोक त्याला हसत. काही वर्षांनी धाकटीची दृष्टी गेली, पण शेवटपर्यंत नुसत्या बोटांनी ती केसांची जुडी निवडून देई. ती वारल्यावर थोरली एकटीच दुकान चालवत राहिली. शाळेच्या बाई आणखी चार वर्षं शाळेत गेल्या, टोप घालूनच. तो रोज रात्री विंचरून ठेवायचं काम त्यांच्या आईचं होतं.