पानं गळली, पण झोप कुठं लागली?

रविराजला दुसऱ्याच्या झोपेची कदर नाही. स्वतः भाकरी खाऊन पंपाच्या खोलीत आडवा झाला, की कुणी मोटार सुरू केली तरी खवळतो. मला मात्र त्यानं दोन वर्षं डोळा मिटू दिला नाही.

मित्रांनो, मी एक जुनं डाळिंबाचं झाड आहे, इंदापूर तालुक्यातल्या कळसच्या माळावरचं. एकवीस वर्षं फळं अंगाखांद्यावर वाढवली, म्हणून स्वतःला म्हातारी म्हणवून घेते. शाळा मला कुठली? पण घराण्याची खबर आहे.

फार फार पूर्वी, माणूस जन्मायच्याही आधी, पृथ्वी आजच्यापेक्षा उबदार होती. मग थंडी वाढत गेली. ज्या झाडांना ती सोसेना, ती त्या मुलखातून कायमची उठली. काहींनी मात्र युक्ती साधली. थंडीआधी पानातलं सत्त्व काढून फांद्यांत साठवायचं, पानं टाकायची, कळ्या घट्ट मिटायच्या आणि निजायचं. ह्या निजेच्या जोरावर थंड मुलखात गुलाब, सफरचंद, अक्रोड ह्यांची नवी नवी कुळं फुटली. माझीच भावंडं बघा. मेंदी आणि तामण उबेतच राहिल्या, शिंगाडा तर सरळ तळ्यात उतरला. आमची शाखा इराणाकडच्या डोंगरांत गेली आणि निजायला शिकली.

पुढं माणसानं आम्हाला इकडं आणलं, पण माहेरचा हिवाळा काही संगं दिला नाही. कळसची थंडी म्हणजे पहाटेचा एक स्वेटर! तेवढ्यानं माझं पान हलत नाही.

मला निजवायचे ते जोतीरामराव, रविराजचे वडील. फळं उतरली की चैत्र-वैशाखात ते माझं पाणी तोडायचे. त्याला ताण देणं म्हणतात. बघणाऱ्याला वाटायचं, झाड मारलं. पण तो भाजणारा उन्हाळाच माझा हिवाळा होता. पानं पिवळी पडायची, आपसूक गळायची. मृगाला पाणी सुटलं की मी लालभडक फुलांनी उठायची. एका वर्षी माझी फळं पेटीत बसून परदेशी गेली. लोक शेजारी उभं राहून फोटो काढायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

जोतीरामराव गेले आणि बाग रविराजच्या हाती आली. त्यानं शेततळं केलं, ठिबक टाकलं. कष्टाला कमी नाही. पण पाणी मुबलक झालं आणि विसावा संपला. एक बहार उतरला की लगेच दुसरा. ह्या फाल्गुनात फळं तोडल्यावर चौथ्या दिवशी त्यानं पानगळीचं औषध फवारलं. ठिबक तसंच चालू. माझी पानं गळली, पण झोप लागली नाही. जागेपणीच कुणीतरी पांघरूण ओढून न्यावं, तसं झालं. फांद्यांत साठाच नव्हता. फुलं आली ती सगळी नर, बुडाशी निमुळती, फळ न धरणारी. पंधरा दिवसांत खाली सडा पडला.

"आये, झाड म्हातारं झालं. उद्या जेसीबी बोलावतो, उपटून टाकू," रविराज म्हणाला.

त्याची आई मुक्ताबाई माझ्या बुडाशी बसली होती. तिनं नखानं माझी एक काडी खरवडली.

"रव्या, आत हिरवी हाय की रं. ह्याला झोप पायजे."

"झाडाला कसली झोप? औषध मारलं, पानं गळली. अजून काय करायचं?"

"तुजं केस भादरलं म्हंजी तू निजलास व्हय?"

"आये, शेजारची बाग कळीवर आलीया!"

"येऊ दे. मी बाळंतीण असताना तुज्या आज्यीनं सव्वा महिना घरात बसवलं हुतं. तवा न्हाय कुणी शेजारणीचं सांगितलं. आदी पाण्याचा कॉक बंद कर. मृगापातुर वाट बघ. न्हाय फुटलं, तर मीच सांगंन उपटायला."

रविराजनं वाकून कॉक फिरवला.

आज बारावा दिवस. माती भेगाळली आहे. मृगाला मी उठेन की नाही, मला ठाऊक नाही. मुळं फार थकली आहेत. तुम्ही कुणाचं फळ खाल, तेव्हा त्याच्या विसाव्याचंही बघा, एवढंच माझं मागणं आहे.

आणि रविराज, तू रोज येऊन फांदी वाकवून बघतोस, म्हणून तुला तोंडावर सांगते. तू आळशी न्हाईस, बाबा. पर जो दुसऱ्याला निजू देत न्हाय, त्याला कष्टाळू म्हणत न्हाईत, हावरा म्हणतात. जा आता. मृगापातुर हितं फिरकू नगंस.