शेजारच्या घरापुढचा बर्फ

सायमा गेली हे कळले त्या सकाळी मी फूटपाथवर अर्ध्या वाटेत उभे होते. माझे तोंड बर्फात रुतलेले होते आणि दांडी वर होती. कॉफी गार झाली तरी ती घरात आली नाही, म्हणून तिचा नवरा आर्वो बाहेर आला. त्याने आधी मला पाहिले.

"हे इथंच सोडून कुठं गेलीस?" तो म्हणाला. ती जवळपास असेल असेच त्याला वाटत होते.

मग त्याला तिचा बूट दिसला. आमच्याकडे जानेवारीत रस्त्याच्या कडेचे बर्फाचे ढीग माणसाच्या डोक्यावर जातात. बर्फ मागे टाकता यावा म्हणून सायमाने ढिगात एक खाच केली होती. त्या खाचेत ती पडली होती. शेजारच्या घरातली मुले त्याआधीच कॉलेजला गेली होती. ती मला वळसा घालून गेली. खाचेत कोणी आहे हे वाटेवरून दिसत नव्हते. पुढे डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम थांबले, कोणी जवळ असते तरी उपयोग नव्हता. आर्वोने मान हलवली. त्याला ते पटले की नाही, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, मी बर्फ ढकलायचे लोखंडी सुपडे आहे. आता बरेच जुने झाले आहे. फावड्याने बर्फ उचलून फेकावा लागतो, माझे तसे नाही. माझे तोंड रुंद आणि पोट खोलगट आहे. दोन्ही हातांनी दांडी धरून मला पुढे ढकलायचे, पोट भरले की घसरत न्यायचे आणि ढिगावर नेऊन पालथे करायचे. मोठ्या सरोवराच्या काठच्या आमच्या गावात माझ्यासारखे एक तरी सुपडे नाही असे घर नसेल.

सायमाच्या वडिलांनी मला तिच्या लग्नासाठी गावातल्या वेल्डरकडून बनवून घेतले. इतरांनी चादरी दिल्या, काचेची भांडी दिली. वडिलांनी मला पुढे केले आणि म्हणाले, "नवऱ्याचं काय, येईल नि जाईल. बर्फ मात्र दरवर्षी येणार." सगळे हसले. आर्वो सगळ्यांत जास्त हसला. हा विनोद तो पुढे वर्षानुवर्षे पाहुण्यांना सांगत असे. हल्ली सांगत नाही.

माझी खरी सेवा सायमानेच केली. चर्चमधल्या मेणबत्त्यांची उरलेली टोके ती खिशात घालून आणी आणि दर आठवड्याला माझ्या पोटाला मेण घाशी. मेण लावले की बर्फ चिकटत नाही. वसंतात ती मला धुऊन, तेल लावून गॅरेजमध्ये टांगी. शेजारपाजारच्यांची सुपडी गंजून फाटली, बदलली. मी राहिले. "तुझ्या सुपड्याला माझ्यापेक्षा जास्त तेल मिळतं," आर्वो म्हणे. "तू त्याच्याइतकं काम कर, तुलाही लावीन," ती म्हणे.

गावाच्या वर टेकडीवर विद्यापीठ आहे. इंजिनिअर होणारी मुले तिथे शिकतात. त्यांच्याविषयी गावाची मते ठरलेली आहेत. समोरच्या घरातला व्हर्न ती मते कोणालाही ऐकवायला तयार असे. व्हर्नने सारा जन्म नगरपालिकेचा बर्फ काढायचा ट्रक चालवला. निवृत्त झाल्यावर तो गावच्या सभेवर निवडून आला. रविवारी तो आर्वोकडे येई आणि पडवीत माझ्याशेजारी बूट झटके.

"टेकडीवरची पोरं म्हणजे बापाच्या पैशाची," तो म्हणे. "गणितात हुशार. पण हातात खराटा द्या, कुठली बाजू जमिनीला लावायची ते विचारतील. आंघोळ करत नाहीत, कुणाच्या तोंडाकडे बघत नाहीत. दारासमोर गुडघाभर बर्फ साचला तरी त्यावरून उड्या मारत जातील."

"मी त्यांच्या खानावळीत जन्मभर जेवण वाढलंय," सायमा आतून म्हणे. "निम्मी पोरं ताट स्वतः पुसून देतात."

"आणि उरलेली निम्मी?"

"उरलेली तुझ्यासारखी. बडबड जास्त, कामाच्या नावानं शून्य."

शेजारचे घर मालकाने विद्यार्थ्यांना भाड्याने दिले होते. मालक दूर दक्षिणेत राहत होता. सायमा गेली त्या हिवाळ्याआधी त्यात टेस नावाची मुलगी आणि कोल्बी नावाचा मुलगा राहायला आले. पहिला मोठा बर्फ पडला. त्यांच्या घरापुढचा फूटपाथ तसाच राहिला. आमच्या गावात ज्याचे घर, त्याने आपल्यापुढचा फूटपाथ दुपारच्या आत मोकळा करायचा, असा नियम आहे. नाही केला तर दारावर लाल चिठ्ठी लागते. व्हर्नने सभेत ठराव मांडला होता की, एका हिवाळ्यात तीन चिठ्ठ्या लागल्या तर ते घर पुन्हा विद्यार्थ्यांना देता येणार नाही. ठरावावर मतदान वसंतात व्हायचे होते, पण चिठ्ठ्या मोजायला सुरुवात झाली होती.

सायमा मुलांना सांगायला म्हणून गेली. हातात वेलदोडे घातलेला गोड पाव होता. टेसने दार उघडले. तिचे डोळे सुजले होते. कुठल्याशा परीक्षेत ती नापास झाली होती आणि दोन दिवस झोपली नव्हती. सायमाने पाव दिला, तिला खायला बसवले आणि परत आली. बर्फाचे बोललीच नाही.

"सांगितलंस का?" आर्वोने विचारले.

"रडत होती रे. अशा वेळी फूटपाथचं काय सांगायचं? परीक्षा होऊ दे. मग सांगते."

आणि मला घेऊन तिने त्यांच्या घरापुढचा बर्फ स्वतःच काढला. परीक्षा झाली. मग सुट्टी लागली. मग दुसरी परीक्षा आली. रोज उजाडायच्या आत आम्ही आधी आमच्यापुढचा बर्फ काढत असू, मग त्यांच्यापुढचा. आर्वोची कंबर गेली होती, म्हणून तिने त्याला मला हात लावू दिला नाही. तो खिडकीत बसून चिडे.

"त्यांना हात आहेत ना?"

"आहेत. दाखवलं की करतील. माझी खात्री आहे."

"मग दाखव की."

"सांगते म्हटलं ना."

समोर व्हर्न उठे तेव्हा शेजारचा फूटपाथ लख्ख असे. एका रविवारी तो नाइलाजाने म्हणाला, "या घरातली पोरं बरी दिसतात. मी सभेत तसं सांगितलंसुद्धा. सगळीच वाईट नसतात म्हणून." सायमाने त्याच्या बशीत पावाचा मोठा तुकडा ठेवला. तो गेल्यावर ती स्वयंपाकघरात बराच वेळ गाणे गुणगुणत होती. इतकी खूश मी तिला फार थोड्या वेळा पाहिली.

मित्रांनो, ती मुले कशी होती हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. एकदा टपाल वाटणाऱ्या बाईची गाडी गल्लीच्या तोंडाशी रुतली. टेस घरातून केक भाजायचा पत्रा घेऊन धावत आली. त्या एवढ्याशा पत्र्याने तिने चारही चाके मोकळी केली. कोल्बीने मागून गाडी ढकलली आणि तोंडावर आपटला. दोघेही हसत घरी गेले. ती आळशी नव्हती. मग स्वतःच्या दारापुढचा बर्फ ती का काढत नव्हती, हे कोडे मला सायमा गेल्यानंतर उलगडले.

अंत्यविधी झाल्यावर दोन दिवसांनी टेस आणि कोल्बी आर्वोला भेटायला आले. टेसने स्वतः केलेला केक आणला होता. केकचा मधला भाग खाली बसला होता. आर्वोने दार उघडले, पण आत या म्हणायचे त्याला सुचले नाही. तिघे पडवीत उभे राहिले. मी भिंतीला टेकून होते.

"मिस्टर लाहती, आम्हाला फार वाईट वाटलं," टेस म्हणाली. "त्या रोज उजाडायच्या आत खिडकीकडे बघून हात करायच्या. अंधारात त्यांची टोपी तेवढी दिसायची. आम्हाला वाटायचं, त्यांना पहाटेचं फिरायला आवडतं."

"त्या दिवशी सुपडं मधेच उभं होतं," कोल्बी म्हणाला. "मला वाटलं, कुणी विसरलं. मी बघायला हवं होतं."

"डॉक्टर म्हणतात, उपयोग नव्हता," आर्वो म्हणाला.

कोल्बीने बाहेर पाहिले आणि तो म्हणाला, "हल्ली नगरपालिकेचं यंत्र आपल्या गल्लीत येत नाही वाटतं. किती दिवस फूटपाथ तसाच आहे. तुम्ही जपून चाला हं. कुणाला फोन करायचा असतो का? वर हॉस्टेलला होतो तेव्हा आम्ही उठायच्या आतच सगळं साफ झालेलं असायचं. इथंही आल्यापासून तसंच होतं."

टेकडीवर विद्यापीठाची माणसे यंत्राने वाटा साफ करतात. मुले तिथून खाली गावात आली. इथेही सकाळी वाट मोकळीच दिसली. इथले कामही कोणीतरी नेमलेली माणसेच करतात, असे ती धरून चालली. त्यांना कधी प्रश्नच पडला नाही.

आर्वोचा हात माझ्या दांडीवर होता. त्याची बोटे आवळली. आता हा सांगेल, असे मला वाटले. एक वाक्य पुरले असते. 'ते यंत्र नव्हतं, पोरांनो, ती होती.' पण ते ऐकल्यावर ही मुले त्या सकाळचे ओझे आयुष्यभर वाहतील, हे त्यालाही दिसले असावे. की तोंडातून तिचे नावच निघाले नसेल?

"हो," तो म्हणाला. "येत नाही हल्ली."

"मग आम्ही फोन करतो," कोल्बी म्हणाला.

त्यांनी फोन केला असेल. कोणी उचलला नसेल, किंवा उचलून हसले असतील. बर्फ पडत राहिला. पहिली लाल चिठ्ठी लागली. ती मालकाच्या नावावर होती, म्हणून मुलांनी तिचा फोटो काढून मालकाला पाठवला आणि ती वाट पाहत बसली. मालकाने काही केले नाही. दुसरी लागली, तिसरी लागली. आर्वो खिडकीत बसून पाहत होता. दोनदा तो कोट घालून पडवीत आला. दोनदा माझ्याकडे पाहून परत गेला.

रविवारी व्हर्न आला. त्याने बूट झटकले.

"बघ. सायमा बघत होती तोवर नाटक करत होती. म्हातारी गेली, नाटक संपलं. हे एक घर मी अपवाद म्हणून सांगत होतो. गावात तोंडघशी पडलो."

"व्हर्न," आर्वो म्हणाला.

"काय?"

खरे सांगितले तर व्हर्न काय म्हणेल, हे मलाही कळत होते. म्हणेल, म्हणजे ती पोरं पहिल्यापासून तसलीच. आणि सायमाने आम्हाला फसवलं. मुलांच्या बाजूचा पुरावा म्हणून गावाकडे एवढा एकच फूटपाथ होता, आणि तो तिच्या हातचा होता.

"काही नाही," आर्वो म्हणाला. "कॉफी घे."

वसंतात ठराव मंजूर झाला. टेस आणि कोल्बी मे महिन्यात सामान गाडीत भरून गेले. टेस निरोप घ्यायला आली होती, पण आर्वोने दार उघडले नाही. तो दाराच्या आत उभा होता. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. आता त्या घराच्या खिडक्यांना फळ्या मारल्या आहेत. गाव म्हणते, बघा, आम्ही म्हणत होतो.

मला कोणी धुतले नाही, तेल लावले नाही. मेण तर केव्हाच उडाले. तळाला गंज धरला आहे. या हिवाळ्यात आर्वोने एका माणसाला कामाला लावले. तो मोटारीचे यंत्र आणतो आणि आमच्याच दारापुरता बर्फ उडवून जातो. मी पडवीतच आहे. मला कोणी गॅरेजमध्येसुद्धा नेले नाही.

मित्रांनो, तुमची वाट सकाळी मोकळी दिसली, तर ती कोणी केली ते एकदा विचारा. आणि तुम्ही कोणासाठी काही करत असाल, तर त्याला वेळेवर सांगा. चांगला दिवस येईल मग सांगू, असे म्हणू नका. आमच्या सायमाला तो दिवस मिळाला नाही. माझ्यासारख्या जुन्या सुपड्याला मेण लावायचे राहिले तर फार बिघडत नाही.

टेसचा पत्ता आर्वोकडे आहे. तिने तो निरोपाच्या दिवशी दाराच्या फटीतून आत सरकवला होता. त्याने तिला अजून काही कळवलेले नाही.