मानाच्या ढिगातली चटई

मित्रांनो, माझी एका बाजूची झालर पार विरली आहे, पण तिकडे बघून नाक मुरडू नका. मी टोंगा बेटांवरची एक जुनी चटई आहे, केवड्याच्या पानांची. ती पानं उकळून, समुद्राच्या पाण्यात भिजवून, उन्हात वाळवून गावातल्या बायकांनी मला गप्पा मारत मारत विणलं आणि काठाला लाल-हिरव्या लोकरीची झालर लावली. अशी चटई आमच्याकडे रोज अंथरत नाहीत. गादीखाली जपून ठेवतात आणि लग्नात नाहीतर मयताच्या वेळी मानाने देतात. आपणही एक दिवस मिरवत जाणार, या तोऱ्यात मी होते.

तो तोरा सिआलेने उतरवला. सिआले ही घरातली धाकटी नात. तीन वर्षांची झाली तरी बोलेना, हाक मारली तर वळून बघेना. गावात मात्र तिचं कौतुकच होई. वडीलधाऱ्यांपुढे नजर वर करत नाही, तोंड उघडत नाही, किती वळणाची पोर! तिची आई फुइवा मनातून धास्तावली होती, पण नवरा ऑस्ट्रेलियात फळं तोडायच्या कामाला गेलेला. सांगणार कोणाला? शेवटी तिने शहरातून विका नावाच्या थेरपिस्टला बोलावलं. विकाने 'ऑटिझम' हा शब्द उच्चारला, तशी सिआलेची आत्या लुपे फणकारली, "आमच्या घराण्यात असलं काही नाही. माहेरचं बघ तुझ्या." आमच्याकडे आत्याच्या शब्दापुढे कोणाचं काही चालत नाही. विका मात्र फुइवाला मागच्या दारी घेऊन गेली आणि तुझं काही चुकलेलं नाही, असं पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

विकाने आणलेल्या खेळण्यांकडे सिआले ढुंकूनही बघेना. एकदा ऊन दाखवायला मला बाहेर काढलं होतं, तर ही पोर येऊन माझ्यावर पालथी पडली आणि झालरीतून बोटं फिरवत राहिली. इतकी शांत तिला कोणी पाहिली नव्हती. लुपे मला ओढून घ्यायला धावली, तेव्हा आजोबांनी, म्हणजे लुपेच्या वडिलांनी, तिला अडवलं.

"राहू दे गं. चटई माणसांसाठीच विणतात ना?"

तेव्हापासून मी रोज सकाळी ओसरीवर पसरू लागले. एका टोकाला आजोबा, दुसऱ्या टोकाला सिआले. आजोबा माझ्यावरून एक रानअक्रोड घरंगळत सोडायचे. तो हातात धरून थांबायचं, पोरीने काहीतरी खूण केली की मगच सोडायचा, असं विकाने शिकवलं होतं. आजोबांना कसला धीर धरवतोय! विका डोळे वटारायची, की ते ओशाळून हात मागे घ्यायचे. आधी सिआले नुसती बघू लागली, मग हात पुढे करू लागली आणि कित्येक महिन्यांनी एका सकाळी म्हणाली, "अजून." फुइवा चुलीपाशी बसून रडली. माझ्यावर लाळेचे डाग पडले होते, झालर उसवत होती. पण खरं सांगते, मला कशाचं काही वाटलं नाही.

आणि एक दिवस आजोबा झोपेतच गेले.

मयताच्या घरी सुनांची जागा मागे, चुलींच्या धुरात. फुइवा तिथे राबत होती. सिआले रडून गोंधळ घालील म्हणून तिला शेजारी पाठवलं होतं. आत आजोबांच्या उशाशी त्यांची थोरली बहीण मालिआ बसली होती. आमच्या रीतीप्रमाणे सगळा मान तिचा, घरच्यांनी द्यायच्या सगळ्या चटया तिच्या. चटयांचा ढीग लहान दिसतोय, हे लुपेने पाहिलं. ऑस्ट्रेलियातला भाऊ वेळेवर पोचत नव्हता, लोक काय म्हणतील? तिने कोपऱ्यातून मला उचललं, झटकलं आणि ढिगावर ठेवलं. तिला तरी किती दोष द्यावा? बापाला हात आखडून निरोप कोण देईल? एकेकजण वाकून आजोबांच्या कपाळाचं चुंबन घेत होता, आणि मी मालिआच्या घरी निघालेल्या ट्रकवर चढले.

पुढचं मला नंतर कळलं. सिआले दुसऱ्या कुठल्याच चटईवर बसेना, झोपेना, भिंतीवर डोकं आपटू लागली. बोललेला एकुलता एक शब्दही गेला. विका म्हणाली, तीच चटई मिळते का बघा. लुपेने कानांवर हात ठेवले. दिलेला मान परत मागायचा, म्हणजे मेलेल्या बापाची अब्रू वेशीवर टांगायची!

तरीही फुइवा आली. पोरीला घेऊन मालिआच्या उंबऱ्याबाहेर मान खाली घालून बसली.

"आत्याबाई, चटईसाठी आले."

"माझ्या भावाचा मान परत मागतेस?"

"मान तुमच्याकडेच राहू दे. माझ्या पोरीचा शब्द गेलाय. तेवढा मिळतो का बघायला आलेय."

मालिआने एकदा पोरीकडे बघितलं. मग म्हणाली, "मी काही परत करत नाही. भावाच्या नातीला मी माझ्याकडून देतेय. कोणी विचारलं तर असंच सांग." तिने मला गादीखालून काढून जमिनीवर पसरलं. सिआले धावत आली आणि झालरीत बोटं घालून पडून राहिली. फुइवाने सुटकेचा निःश्वास सोडला.

पण थोड्या वेळाने पोर उठली. आपल्या टोकाला जाऊन बसली आणि तिने रिकामा हात पुढे केला. दुसऱ्या टोकाकडे बघत राहिली. फुइवा तिथे जाऊन बसली, तर तिला तिने ढकलून बाजूला केलं आणि पुन्हा हात पुढे केला.

"हिला कोणी सांगितलंच नाही," फुइवा म्हणाली. "हिला काय कळतंय, म्हणून मीसुद्धा नाही सांगितलं."

त्याच दुपारी मालिआ त्या दोघींना दफनभूमीत घेऊन गेली. वाळूच्या ताज्या ढिगाऱ्यावर तिने मला अंथरलं. सिआलेचा हात धरून वाळूवर टेकवला आणि सावकाश सांगितलं, "आजोबा इथे आहेत. ते मेले. आता उठणार नाहीत." सिआलेला किती कळलं, कोण सांगणार? ती माझ्यावर गाल टेकून ऊन उतरेपर्यंत पडून होती आणि तिला कोणी उठवलं नाही.

मित्रांनो, जी मुलं बोलत नाहीत, त्यांनाही सांगत जा. कोण आलं, कोण गेलं, सगळं सांगत जा. सिआले इतके दिवस आपल्या आजोबांची वाट बघत होती, आणि आम्ही सगळे म्हणत होतो, पोर चटईसाठी रडतेय.